मदत हवी आहे: ब्लोअर बसवलेल्या शेवरले ३५० चं टायमिंग (ठिणगी किती डिग्री आधी पडावी) किती ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. गेल्या हिवाळ्यात एक जुनी हॉट रॉड, म्हणजे मोठं इंजिन घालून बदललेली गाडी, घेतली. १९३२ च्या फोर्डसारखी फायबरग्लासची बॉडी, आत शेवरले स्मॉल ब्लॉक ३५० म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, आणि त्याच्या डोक्यावर ६-७१ ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. हा ब्लोअर मुळात डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ६-७१. ट्रक-बसच्या इंजिनाला हवा पुरवणारी ही वस्तू रॉडवाल्यांनी उचलून पेट्रोल इंजिनावर चढवली, आणि आता ती माझ्या गॅरेजमध्ये आहे याचं मला फार अप्रूप आहे.

अडचण अशी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की साधारण ३,००० आरपीएमच्या पुढे, बूस्ट (ब्लोअरचा जादा दाब) गेज ६ पीएसआयला पोचताच, इंजिनातून खडखड (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू येते. डब्यात खिळे हलवावेत तशी. पेट्रोल इथलं ९३ ऑक्टेनचं, कॉम्प्रेशन ८.५. परवा प्लग काढून भिंगाखाली धरले. सात नंबरच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यात एक बारीकसा चकचकीत कण. तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे हे कळल्यापासून गाडी बाहेर काढलेली नाही.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून बघितलं: व्हॅक्यूमची नळी काढून, तोंड बंद करून, आयडलला १२ डिग्री आणि ३,००० ला एकूण ३०. ब्लोअर नसलेल्या स्मॉल ब्लॉकला ३४ ते ३६ चालतं, ब्लोअरवाल्याला २८ ते ३२, असं सगळीकडे सांगतात. म्हणजे आकडा बरोबर आहे. तरी २६ वर आणून बघितलं. खडखड कमी झाली, पण गेली नाही. अजून किती मागे जायचं?

माझ्या वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज होतं. बुलेटच्या पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरून ते टायमिंग लावायचे. फ्लायव्हील हळूहळू फिरवायचं, कागद अलगद सुटला की तिथे पॉइंट उघडला. त्यांना व्हिडिओ पाठवला, तर म्हणाले, "खूण बरोबर आहे हे तुला कुणी सांगितलं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा इथला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, तिथे ही गाडी न्यायची मनापासून इच्छा आहे. पण इंजिन जाळून नाही.

प्रतिसाद

मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये आहे. तुमच्या बाबांनी नेमकं बोट ठेवलंय. लाइट तुम्हाला फक्त बॅलन्सरवरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकावरची) रेघ दाखवतो, पिस्टन कुठे आहे ते दाखवत नाही. बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते, ती जुनी झाली की सरकते. शिवाय स्मॉल ब्लॉकमध्ये टायमिंग टॅब (डिग्रीच्या खुणांची पट्टी) वेगवेगळ्या जागी येतात आणि बॅलन्सर वेगवेगळ्या व्यासांचे. एका इंजिनाचं टॅबवालं कव्हर, दुसऱ्याचा बॅलन्सर अशी जोडी असेल तर वाचन चुकणारच.

बॅटरी काढा, सगळे प्लग काढा. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) बसवा. स्टार्टरला हात लावायचा नाही, क्रँक पान्याने हळू फिरवा. पिस्टन टेकला की टॅबच्या शून्यासमोर बॅलन्सरवर खूण करा. मग उलट फिरवा, परत टेकला की दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टनची सगळ्यात वरची जागा. बॅलन्सर ८ इंची असेल तर एक डिग्री म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, तेव्हा बारीक टोकाने खूण करा.

आणि तुमची इग्निशन मल्टी-स्पार्क (एका वेळी अनेक ठिणग्या देणारी) असेल तर डायलवाल्या लाइटवर भरवसा ठेवू नका. डायल शून्यावर ठेवून, बॅलन्सरवर डिग्रीची टेप चिकटवून वाचा.

प्रतिसाद

वरचं आधी कराच, पण दोन गोष्टी राहिल्यात. तुमचा कार्बोरेटर ब्लोअरच्या वर आहे. म्हणजे खाली मॅनिफोल्डमध्ये दाब असताना वर कार्बोरेटरखाली व्हॅक्यूम असू शकतो. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमवर ठिणगी आधी आणणाऱ्या डबीची) नळी कार्बोरेटरला असेल तर बूस्ट चढतानाही तो जादा डिग्री देत राहील. नळी ब्लोअरच्या खालून घ्या, नाहीतर डबी बंदच करा.

तोच घोळ पॉवर व्हॉल्व्हचा, म्हणजे जोर लागतो तेव्हा जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेचा. वरचा व्हॅक्यूम बघून तो बंद राहतो आणि इंजिनाला जास्त पेट्रोल हवं तेव्हाच मिश्रण पातळ होतं. त्याला खालच्या मॅनिफोल्डचा दाब कळला पाहिजे, तशी सोय असलेला कार्बोरेटर हवा. पातळ मिश्रणाची खडखड नुसतं टायमिंग मागे घेऊन जात नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी अख्खी दुपार यात घालवली. दोन खुणांचा मध्य काढला, तर मूळ रेघ त्यापासून साडेदहा मिलिमीटर पुढे होती. ८ इंची बॅलन्सरवर हे ६ डिग्री होतात. लाइट ३० दाखवत होता तेव्हा इंजिन ३६ वर चाललं होतं, आणि मी २६ समजत होतो ते ३२ होतं. कडी सरकलेली नाही, टॅबच दुसऱ्या बॅलन्सरचा आहे.

नवी रेघ पांढऱ्या रंगाने ओढली आणि एकूण २८ वर डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) आवळला. व्हॅक्यूमची नळी खरंच कार्बोरेटरला होती, ती काढून बूच मारलं. नवे प्लग घालून अर्ध्या थ्रॉटलवर वीस मिनिटं फिरवून आणली. खडखड नाही, पोर्सिलेन स्वच्छ. बूस्टचा दाब घेणारी मीटरिंग ब्लॉक (कार्बोरेटरचा पेट्रोल मोजून देणारा भाग) मागवली आहे, ती बसेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देणार नाही.

आता एकच अडलंय. डिस्ट्रिब्यूटरमध्ये ॲडव्हान्स अडवणारी सगळ्यात मोठी काळी बुश आहे, तरी मेकॅनिकल ॲडव्हान्स (आरपीएमबरोबर वाढणारा) १८ डिग्री येतो. त्यामुळे आयडलला फक्त १० उरतात आणि इंजिन जड चालतं, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) लवकर तापतात. आयडलला १६ आणि मेकॅनिकल १२ असं हवंय. त्यासाठी ॲडव्हान्सची खाच वेल्डने भरून कानशीने घासलेली कुणी आहे का? भरताना पिनचा खेळ किती ठेवला, तेवढं सांगा.