चिपसोना बटाट्याचे वेफर्स शीतगृहानंतर तांबूस होतात : मदत हवी आहे

नमस्कार. बेळगाव तालुक्यातील कडोली परिसरात आमची थोडी शेती असून पावसाळी बटाटा आम्ही वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. आजवर 'कुफ्री ज्योती'च लावत होतो. पण आमच्या वहिनी घरगुती वेफर्स करून दुकानांना देतात आणि ज्योतीचे वेफर्स तेल फार पितात, म्हणून गेल्या वर्षी भातकापणीनंतर नोव्हेंबरमध्ये अर्ध्या एकरात, सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास वेफर्ससाठी काढलेल्या 'कुफ्री चिपसोना-1'चे बेणे लावले.

पाला कापून, साल घट्ट होण्यासाठी पंधरा दिवस थांबून फेब्रुवारीअखेर काढणी केली. दोन्ही जातींचे पाच-पाच किलो बटाटे जाळीत घालून पाण्यात बुडवून तोलले, तेव्हा ज्योतीचे पाण्यातले वजन 310 ग्रॅम आणि चिपसोनाचे 390 ग्रॅम भरले. म्हणजे चिपसोनाची घनता (पाण्याच्या तुलनेत; ती जितकी जास्त, तितके बटाट्यात पिष्ट जास्त आणि पाणी कमी) सुमारे 1.085 येते, वेफर्ससाठी ती 1.080 च्या वर असावी लागते. त्या आठवड्यात तळलेले वेफर्स पांढरेशुभ्र आणि कुरकुरीत झाले. (भाजीत मात्र हा बटाटा विरघळतो, ही आईची तक्रार कायम आहे.)

अडचण पुढे आली. उरलेली वीस पोती बेण्याच्या बटाट्यांसोबत 2 ते 4 अंश तापमानाच्या शीतगृहात ठेवली. जूनमध्ये काढून तळली तर वेफर्स तांबूस आणि कडवट झाले. थंडीमुळे पिष्टाची साखर होते आणि तळताना तीच करपते, हे आता कळले. वेफर्सचा माल 10 ते 12 अंशांवर, मोड रोखण्याची प्रक्रिया करून ठेवावा लागतो, हे आधी कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

दहा पोती अजून शिल्लक आहेत. ती 15 ते 20 अंशांवर दोन-तीन आठवडे ठेवल्यास साखर उतरते, असे वाचले. परंतु सध्याच्या दमट हवेत, बांगडी रोगाचा (जिवाणूंमुळे बटाटा आतून कुजवणाऱ्या रोगाचा) एखादा बटाटा पोत्यात असल्यास कुजण्याचा धोका वाटतो. कुणी हा प्रयोग पावसाळ्यात केला आहे का? शिवाय कर्नाटकासाठी शिफारस असलेला 'चिपसोना-4' आमच्या लाल मातीत खरिपात घेतला, तर पावसाने त्याची घनता कितपत घटते? बेळगाव, खानापूर किंवा चंदगडकडील कुणी तोलून पाहिले असल्यास कृपया आकडे आणि लागवडीची तारीख दोन्ही कळवावे.