प्रोपिलीनच्या टाकीचं पाणी काढताना

वरच्या प्रतिसादात लिहिलंय की प्रोपिलीनच्या (दाबाखाली द्रवरूपात साठवलेला ज्वलनशील वायू) गोल टाकीच्या तळाचं पाणी काढताना निचऱ्याच्या नळीवरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडावेत. कृपया असं करू नका. वडोदऱ्याजवळच्या कोयली-नंदेसरी औद्योगिक पट्ट्यात नव्याने लागलेली मुलं हा धागा वाचत असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

टाकीकडचा, म्हणजे वरचा व्हॉल्व्ह आधी पूर्ण उघडायचा आणि पाण्याची धार खालच्या व्हॉल्व्हने आवरायची. प्रोपिलीन वातावरणाच्या दाबाला उणे ४७ अंशांना उकळतं. पाणी संपून प्रोपिलीन आलं की दाब जिथे पडतो तिथेच बर्फ किंवा हायड्रेट (पाणी आणि वायूचा बर्फासारखा घट्ट गोळा) धरतं. ती जागा खालचा व्हॉल्व्ह असेल तर वरचा मोकळा राहतो आणि बंद करता येतो. वरचाच अर्धवट उघडा ठेवला तर तोच गोठतो, मग चाक फिरवून हात दुखतील, पण व्हॉल्व्ह बंद होणार नाही. फ्रान्समधल्या फेझँच्या रिफायनरीत १९६६ साली नेमका हा क्रम चुकला होता. तिथे प्रोपेन होतं, पण स्वभाव तोच.

दोन्ही व्हॉल्व्हमध्ये हातभर तरी अंतर हवं. धार चालू असताना जागा सोडायची नाही, चहासाठीसुद्धा नाही.

गळती ओळखणारे गॅस डिटेक्टर मात्र छताला नकोत. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे गटारात आणि केबलच्या चरात साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गेला की ठिणगी पुरते. जमिनीपासून फूट-दीड फुटावर बसवा.