आईचं पीव्हीसी आधार कार्ड, १२ दिवस झाले तरी आलं नाही. एवढा वेळ लागतो का?

ठाण्याचा_वाटसरू

मंडळी, आईचं प्लॅस्टिकवालं आधार, म्हणजे ते पीव्हीसी कार्ड ऑनलाइन मागवलंय, आज बुधवार म्हणजे १२ दिवस झाले आणि कार्डाचा पत्ता नाही. शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर बसून ऑर्डर टाकली, पैसे कट झाले, पावतीची पीडीएफ आहे माझ्याकडे. त्यावर २८ आकडी नंबर आहे तो पोस्टाच्या ट्रॅकिंगला टाकला तर चुकीचा नंबर म्हणतंय, दोनदा टाकून बघितला, तिसऱ्यांदा बायकोने टाकून बघितला. म्हणजे ऑर्डर गेलीच नाही का?

घाई अशासाठी की आई ७६ ची आहे, ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्यापासून ती घरात कमी आणि स्टँडवर जास्त असते. तिचं आधार म्हणजे ते पहिल्यांदा पोस्टाने आलेलं कागदी, खालचा तुकडा कापून लॅमिनेशन केलेला. त्या लॅमिनेशनला कोपऱ्यातून पाणी गेलंय आणि नेमका जन्मसालावर तपकिरी डाग पडलाय, १९ दिसतं, पुढचं गायब. गेल्या खेपेला कंडक्टरने ते खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, मग आईकडे बघितलं आणि म्हणाला बसा आजी. भला माणूस होता, पण दर वेळी तोंड बघून काम होईल असं नाही ना.

तुम्हाला किती दिवसात आलं? दुसरी ऑर्डर टाकून देऊ का?

कोपऱ्यातलं_टेबल

माझं ९ दिवसात आलं होतं, वहिनीचं त्याच पत्त्यावर १६ दिवसांनी. दुसरी ऑर्डर नको टाकूस, पैसे जातील आणि दोन कार्डं येऊन पडतील. थांब जरा.

निवांत_नेहा

दादा तुमची मोजणीच चुकतीये. त्यांचा नियम असा आहे की ऑर्डरचा दिवस सोडून ५ कामकाजाच्या दिवसांत कार्ड छापून पोस्टाकडे द्यायचं. तुम्ही शुक्रवारी रात्री टाकलीत, म्हणजे शुक्रवार गेला, शनिवार रविवार गेले, सोमवारपासून पहिला दिवस धरा, पाचवा दिवस पुढच्या शुक्रवारी. म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी दिलं असेल तर ते पोस्टात पडून सोमवार मंगळवार बुधवार असे तीनच कामाचे दिवस झालेत. १२ दिवस हे तुमच्या कॅलेंडरचे, त्यांच्या हिशोबाने तुम्ही अजून रांगेत पुढे आहात.

आणि तो २८ आकडी नंबर पोस्टाचा नाहीच, ती तुमच्या विनंतीची पावती आहे, एसआरएन म्हणतात. तो आधारच्याच साइटवर टाकायचा, पीव्हीसी कार्ड ऑर्डर स्टेटस असं आहे तिथे. कार्ड निघालं की एसएमएस येतो, त्यात एडब्ल्यूबी नंबर असतो, १३ अक्षरी, सुरुवातीला ई आणि शेवटी आयएन. पोस्टाला तो चालतो. एसएमएस आला नाही का? ऑर्डर टाकताना कोणाचा मोबाईल दिला होता?

ठाण्याचा_वाटसरू

आईचा, तोच आधारला लिंक आहे. आत्ता जाऊन बघितलं, इनबॉक्स स्वच्छ. विचारलं तर म्हणते इंग्रजीतले सगळे मेसेज मी रोज संध्याकाळी पुसते, ते बँकेवाले लोन देतो म्हणून पाठवतात. 😑

सांगलीचा_सुन्या

भावा माझ्या पोरीचं आधार काढलं तेव्हा मला ९० दिवस सांगितले होते, तू १२ दिवसात रडतोयस!

निवांत_नेहा

@सुन्या ते वेगळं. नवीन आधार काढलं किंवा नाव पत्ता बदलला तर ९० दिवसांपर्यंत लागू शकतात कारण तिथे कागद तपासायचे असतात. यांच्या आईचा नंबर आहेच, रेकॉर्ड तयार आहे, फक्त छापून पाठवायचंय. दोन्हीची सरमिसळ केली की एक तर उगाच घाबरतो नाहीतर उगाच तीन महिने वाट बघत बसतो.

फोटोकॉपी_सम्राट

कशाला एवढी यातायात, ई-आधार म्हणजे आधारची पीडीएफ डाउनलोड करायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानात प्लॅस्टिकवर मारून घ्यायचं, १० मिनिटांत हातात. आमच्या घरी सगळ्यांची तीच आहेत, आजवर कोणी हटकलं नाही.

कोपऱ्यातलं_टेबल

सम्राट, २०२२ च्या जानेवारीत आधारवाल्यांनीच जाहीर सांगितलंय की बाजारात छापलेली प्लॅस्टिक कार्डं वापरू नका, त्यात सुरक्षेच्या खुणा नसतात. आणि तुम्ही दुकानात पेनड्राइव्ह देता, वर पीडीएफचा पासवर्ड पण सांगता, तो म्हणजे काय तर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. त्या पोराच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड फोल्डर उघडून बघा एकदा, अख्खी सोसायटी सापडेल.

खरं कार्ड हातात घेतलं की फरक कळतो. तिरकं धरलं की होलोग्राम चमकतो, मोठ्या फोटोशिवाय एक छोटा पुसटसा फोटो असतो, बारीक नक्षीच्या रेषा असतात, छापल्याची तारीख असते. दुकानवाल्याच्या कार्डात नुसती लकाकी.

फोटोकॉपी_सम्राट

बरं बाबा. पासवर्डचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

टपालवाले_आबा

नमस्कार. ३४ वर्षं टपाल खात्यात काढली, आता घरी असतो. वरचं सगळं वाचलं, मोजणी ताईंनी बरोबर सांगितली. पण मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही. ठाणेकर, तुमच्या आईच्या आधारवर पत्ता कुठला आहे?

कार्ड तुम्ही जिथे राहता तिथे येत नाही, रेकॉर्डला जो पत्ता आहे तिथे जातं. ऑर्डर टाकताना वेगळा पत्ता द्यायची सोय नाही. निम्म्या लोकांचं कार्ड उशिरा येत नाही, ते वेळेवरच येतं पण दुसऱ्याच दारात. भाड्याची खोली बदललेली, लेकीचं लग्न झालेलं, वाडा पाडून बिल्डिंग झालेली. आमच्या बीटवर असे पत्ते असायचे की खाली फक्त मारुती मंदिराजवळ, बाकी पोस्टमनने बघून घ्यावं. जुना पोस्टमन असेपर्यंत ते चालतं, नवीन पोरगा आला की तो दाराला कुलूप असा शेरा मारून पाकीट परत आणतो आणि त्यात त्याची चूक नसते.

ठाण्याचा_वाटसरू

आबा 🙏 वाचून पोटात गोळाच आला. आईचा पत्ता गावचा आहे, कराडच्या पुढे. वडील गेल्यावर आई चार वर्षं झाली आमच्याकडेच आहे, गावच्या घराला कुलूप. पत्ता बदलायचा बदलायचा म्हणून राहून गेलं.

आणि खरं सांगतो, चूक माझीच. ऑर्डर टाकताना प्रिव्ह्यू आला होता, अख्खं कार्ड पत्त्यासकट स्क्रीनवर होतं. आम्ही दोघं तिचा फोटो बघून हसत बसलो (आई त्यात पोलीस पाटलासारखी दिसते) आणि पेमेंट करून टाकलं. पत्ता वाचलाच नाही.

आता नेहाताईंनी सांगितलं तसं आधारच्या साइटवर तो २८ आकडी टाकला, डिस्पॅच्ड दाखवलं, एडब्ल्यूबी मिळाला. तो पोस्टात टाकला तर गेल्या बुधवारीच निघालंय!! काल दुपारी गावच्या पोस्टात पोचलंय आणि शेरा काय, तर दाराला कुलूप. म्हणजे मी इथे सरकारच्या नावाने बोटं मोडत होतो तेव्हा ते आमच्याच ओट्यावर येऊन गेलं.

टपालवाले_आबा

मग उद्याच हालचाल करा. असं पाकीट पोस्टात काही दिवस ठेवतात आणि मग परत जातं, परत म्हणजे पाठवणाऱ्याकडे, तुमच्याकडे नाही. गावात भाऊबंद असेल तर सकाळी त्याला पोस्टात पाठवा, एडब्ल्यूबी लिहून द्या, पाकीट आहे का आणि कधीपर्यंत ठेवणार एवढं विचारू दे. दुसऱ्याच्या हातात द्यायला आईच्या सहीची चिठ्ठी आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागेल. त्यापेक्षा स्वतः आई गेल्या तर प्रश्नच नाही.

आणि कार्ड आलं की मग पत्ता बदला, ऑनलाइन होतो, ठाण्याच्या पत्त्याचा पुरावा लागेल. आईच्या नावावर काही नसेल तर कुटुंबप्रमुख म्हणून तुमच्या आधारवरून पण करता येतं. अर्ज मंजूर व्हायच्या आत नवीन कार्ड मागवू नका, रेकॉर्डला जे असेल तेच छापलं जातं. एक बाई माझ्याकडे दोन वेळा जुनाच पत्ता छापून आलेली कार्डं घेऊन आल्या होत्या.

निवांत_नेहा

तोपर्यंत ई-आधार डाउनलोड करून रंगीत प्रिंट काढून ठेवा, घरच्या प्रिंटरवर हं, सम्राटांच्या दुकानात नको 😄 कागदी, ई-आधार, एमआधार (मोबाईल ॲपमधलं), पीव्हीसी सगळे सारखेच चालतात, प्लॅस्टिक म्हणजे जास्त खरं असं नाही. मोबाईल आईचा लिंक आहे म्हणजे ओटीपी येईल, फक्त संध्याकाळच्या साफसफाईच्या आधी बघा. रेल्वेला जाणार असाल तर डिजिलॉकरमधलं आधार २०१८ पासून चालतं, पण इश्यूड डॉक्युमेंट्समधलं, आपण फोटो काढून अपलोड केलेलं नाही.

सांगलीचा_सुन्या

पोलीस पाटील 😂😂 फोटो सगळ्यांचे तसेच येतात रे, माझा बघितला तर उधारी देणार नाहीस.

ठाण्याचा_वाटसरू

अपडेट. चुलतभाऊ आज सकाळी गेला होता, पाकीट आहे पोस्टात, सोमवारपर्यंत ठेवतो म्हणालेत. मी म्हटलं चिठ्ठी पाठवतो, भाऊ घेऊन ठेवेल, मी पुढच्या महिन्यात गावी गेलो की आणेन. आई म्हणाली, माझं कार्ड मी आणते. महिनाभर गावी जायचं चाललंच होतं तिचं, आता सरकारी कामच निघालं.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतीये. ई-आधारची प्रिंट काढून दिलीये, ती तिने घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवली, आणि पर्समध्ये तेच डागवालं घेतलंय. म्हणते त्या कंडक्टरला ते ओळखीचं आहे.