इंग्रजी नाटकांतील अवतरणांच्या कोशांवर किती विसंबावे?

धागाकर्ता :
जुन्या इंग्रजी नाटकांतील वेचक वाक्यांच्या कोशांनी वाचकाची दिशाभूलच अधिक होते, असे माझे मत आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात खलनायक इयागो म्हणतो की, माझी पैशांची थैली चोरणारा क्षुल्लक वस्तू चोरतो, पण माझे नाव बदनाम करणारा मला खरोखर कंगाल करतो. शेक्सपिअरचे सुवचन म्हणून हे वाक्य भाषणांत मिरवते. प्रत्यक्षात इयागो ते उच्चारतो डेस्डिमोनाविषयी तिच्या नवऱ्याच्या, ऑथेल्लोच्या, मनात विष कालवताना. शिवाय आदल्याच अंकात, ऑथेल्लोच्या हाताखालचे पद गमावलेला कॅसिओ अब्रू गेली म्हणून आक्रोश करत असताना, हेच महाशय त्याला अब्रू ही पोकळ गोष्ट असून ती पुष्कळदा लायकीवाचून मिळते आणि दोषावाचून जाते, असे समजावतात! खलपात्राची लबाडी कोशात सुभाषित होऊन बसते.

प्रतिसाद १ :
असहमत. अंक आणि प्रवेश दिलेला असूनही मूळ नाटक न उघडणाऱ्याचा दोष कोशाच्या माथी कशाला? अव्हेरलेल्या स्त्रीच्या संतापाला नरकातही तोड नाही, या अर्थाची ओळ सर्रास शेक्सपिअरच्या नावावर खपवली जाते. ती विल्यम काँग्रीव्ह यांच्या १६९७ सालच्या ‘द मोर्निंग ब्राइड’मधली आहे, हे सामान्य वाचकाला कोशाखेरीज कोण सांगणार? जॉन बार्टलेट या अमेरिकन पुस्तकविक्रेत्याने १८५५ मध्ये आपला अवतरणांचा संग्रह काढला, तोही तोंडी रुळलेली वचने मूळची कोणाची हे दाखवण्यासाठीच.

धागाकर्ता :
बार्टलेट यांचे श्रेय मान्य. पण त्याच्या शंभर वर्षे आधी, १७५२ मध्ये, विल्यम डॉड यांनी शेक्सपिअरमधील ‘सौंदर्यस्थळे’ वेचून छापली. (हे धर्मोपदेशक पुढे बनावट दस्तऐवजापायी १७७७ मध्ये फासावर गेले, हे जाता जाता.) नाटकातले संवाद सुटे उतारे म्हणून वाचण्याची सवय अशा संग्रहांनीच वाढवली.

प्रतिसाद २ :
त्याच डॉड यांच्या वेच्यांतून लाइपझिगमध्ये शिकणाऱ्या तरुण जर्मन कवी गटे यांना शेक्सपिअर प्रथम भेटला, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ही सवय इतकी घातक नसावी.

धागाकर्ता :
गटे पुढे मूळ नाटकांकडे वळले. भाषण लिहिणारा वळत नाही. निदान प्रत्येक अवतरणाखाली बोलणाऱ्या पात्राचे नाव तरी छापावे.

प्रतिसाद १ :
जरूर छापावे. पण इयागो कोण हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ते नाव वाचून काय बोध होणार?