गाळलेली फ्रेम की गळलेली? 'फ्रेम रेट कन्व्हर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

मेनूभाषा:
व्हिडिओ एन्कोडिंगच्या एका सॉफ्टवेअरचा मेनू आणि मदतीचा मजकूर मराठीत आणायचं काम चालू आहे. 'कन्व्हर्ट फ्रेम रेट'साठी (फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स, म्हणजे सलग चित्रं, दाखवली जातात तो आकडा) सगळीकडे 'फ्रेम दर बदला' असं लिहिलंय. तपासणीत दोन हरकती आल्या. पहिली, 'बदला' वाचून फाइलचं नेमकं काय होणार ते कळत नाही. दुसरी, 'ड्रॉप्ड फ्रेम्स'साठी लिहिलेलं 'गाळलेल्या फ्रेम्स' खोडून तिथे 'गळलेल्या फ्रेम्स' केलंय. मला 'गाळलेल्या'च योग्य वाटतं. शिवाय फ्रेम रेटचे 'कॉन्स्टंट', 'व्हेरिएबल' आणि 'पीक' हे तीन पर्याय बटणाच्या रुंदीत बसायला हवेत. काय सुचवाल?

टाइमलाइन:
पहिली हरकत रास्त आहे. 'दर बदला' एवढ्याखाली चार वेगवेगळी कामं दडलेली असतात. २४ फ्रेमचा दोन तासांचा चित्रपट घ्या, म्हणजे १,७२,८०० फ्रेम्स. तो २५ वर न्यायचाय.

फ्रेम्सना हात न लावता त्या दर सेकंदाला २५ने पळवल्या, तर चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. आवाजही तेवढाच पळवावा लागतो, आणि पट्टी सांभाळली नाही तर तो सुमारे ०.७ सेमिटोन (पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांतलं अंतर) चढतो.

लांबी १२० मिनिटंच ठेवायची, तर दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. एकूण १,८०,००० होतात. कॅमेरा सावकाश आडवा फिरत असेल तिथे सेकंदाला एक हिसका स्पष्ट दिसतो.

शेजारच्या दोन फ्रेम्स एकमेकींत मिसळल्या तर हिसका जातो, पण हलत्या वस्तूच्या कडा दुहेरी होतात.

आणि हालचालीचा अंदाज घेऊन मधल्या फ्रेम्स नव्याने रचल्या, तर बहुतेक ठिकाणी गुळगुळीत दिसतं. हात झपकन हलला की मात्र बोटांभोवतीची पार्श्वभूमी पाण्यासारखी थरथरते.

या चारही कामांना 'बदला' म्हटलं तर वापरणाऱ्याने निवड कशाच्या आधारावर करायची?

शुद्धाक्षर:
मुळात 'फ्रेम' तरी कशाला? 'चौकट' हा चांगला रुळलेला शब्द आहे. फ्रेम रेट म्हणजे 'चौकटवेग'. ऐकताक्षणी कळतो.

पंचवीस_एफपीएस:
'वेग' नको, ही कळकळीची विनंती. वर टाइमलाइन यांनी सांगितलेला घोळ नेमका याच शब्दाने वाढतो. ६०ची फाइल ३०वर आणली तर चित्रपट संथ होत नाही. एकाआड एक फ्रेम जाते, माणूस त्याच गतीने चालतो. 'चौकटवेग निम्मा करा' वाचणारा मात्र स्लो मोशनची अपेक्षा करील. इथे 'दर'च हवा.

'चौकट'ही संकलनाच्या कामात अडचणीची आहे. चित्राभोवतीची काळी पट्टी चौकटच, कॅमेऱ्यात विषय बसवणं हेही चौकटीत बसवणंच. एकाच मजकुरात 'काळ्या चौकटी काढा' आणि 'जादा चौकटी काढा' अशी दोन बटणं आली तर लोक चुकणारच.

शुद्धाक्षर:
संदर्भाने अर्थ लागतो. 'पान' झाडाचंही असतं आणि पुस्तकाचंही, कुणी गोंधळत नाही. सोय नाही म्हणून प्रत्येक वेळी इंग्रजीचा हात धरायचा, तर नवा शब्द रुळणार कधी? आणि 'दर' म्हटलं की आधी भाव आठवतो.

ऐकीव:
'दर'चा भावाशी संबंध नंतरचा असावा असं मला वाटतं. दररोज, दरमहा, दरसाल हे सगळे फारसी वळणाचे, 'प्रत्येकी' या अर्थाचे. 'दर सेकंदाला २५' यात तोच 'दर' आहे. म्हणजे 'फ्रेमदर' हा शब्द स्वतःची व्याख्या पोटात घेऊन येतो. वेग, गती यांना ते जमत नाही.

शुद्धाक्षर:
म्हणजे इंग्रजी 'फ्रेम'ला फारसी 'दर' जोडून मराठी शब्द झाला म्हणायचं! 'दुबार'ही फारसी वळणाचाच आहे, तो तरी आपण आपलासा केला. 'चौकट'ला तशी संधी कुणी देत नाही, हे माझं दुःख आहे.

गाळणी:
दुसऱ्या हरकतीकडे कुणी वळलंच नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. गळणे आणि गाळणे यांत मराठीने जो फरक ठेवलाय तो इथे फुकट मिळतोय. नळ गळतो, पान गळतं. ते कुणी करत नाही, होतं. पाणी गाळतात, मजकुरातला शब्द गाळतात. ते कुणीतरी ठरवून करतं.

रेकॉर्डिंग चालू असताना डिस्कची लिहिण्याची गती कमी पडली आणि फ्रेम्स गेल्या, तर त्या गळलेल्या. ३०ची फाइल २५वर आणताना सॉफ्टवेअर दर सहातली एक काढतं, ती गाळलेली. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'ड्रॉप्ड'च. रूपांतराच्या शेवटी 'गळलेल्या फ्रेम्स: १८००' असं दिसलं तर माणूस घाबरून फाइल पुसून टाकील. प्रत्यक्षात ६ मिनिटांच्या ३०च्या फाइलमधून तेवढ्या जायलाच हव्यात. मेनूभाषा, तुमचं बरोबर आहे. रेकॉर्डिंगच्या पडद्यावर मात्र 'गळलेल्या' ठेवा.

मेनूभाषा:
हे पटलं. मग 'ड्रॉप-फ्रेम टाइमकोड'लाही (टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक) 'फ्रेम गाळणारा टाइमकोड' म्हणू का?

पंचवीस_एफपीएस:
अजिबात नको! त्यात एकही फ्रेम गाळली जात नाही. दर सेकंदाला २९.९७ फ्रेम्स असताना मोजणी ३०ने केली तर तासाभरात घड्याळ आणि टाइमकोड यांत ३.६ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे १०८ क्रमांकांचा. तो भरून काढायला प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ हे दोन क्रमांक सोडून देतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला सोडत नाहीत. तासाची ६० मिनिटं, त्यातली ५४ धरली की ५४ दुणे १०८, हिशेब जुळला. ५९ सेकंद २९ या क्रमांकानंतर थेट १ मिनिट ०० सेकंद ०२ येतो. चित्र अखंड असतं. 'अंक सोडणारा टाइमकोड' म्हणा.

ऐकीव:
या २९.९७चं मूळ अमेरिकेच्या रंगीत टीव्हीत आहे. १९५३च्या पद्धतीत रंगाचा आणि आवाजाचा संकेत एकमेकांत अडकून पडद्यावर नक्षी उमटू नये म्हणून ३०चा दर हजारास एक या प्रमाणात खाली आणला. म्हणून खरा आकडा ३०००० भागिले १००१. तसाच २४चा झालेला २३.९७६ म्हणजे २४००० भागिले १००१.

टाइमलाइन:
आणि म्हणूनच मदतीच्या मजकुरात '२३.९८' लिहू नका. तो पूर्णांकन केलेला आकडा आहे. कुणी तोच गणितात घातला तर दोन तासांत सव्वा सेकंदाच्या आसपास फरक पडतो. त्याहून नेहमीची चूक म्हणजे २३.९७६ची फाइल २५वर पळवताना आवाजाला २५ भागिले २४, म्हणजे १.०४१६७ हा गुणक लावणं. बरोबर गुणक १.०४२७१. चुकीच्या गुणकाने शेवटाला आवाज जवळपास ७ सेकंद मागे राहतो.

शब्दांचा प्रश्न इथेही आहे. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आर' हा एकच पर्याय इनपुट फाइलच्या आधी लिहिला तर फाइलमधल्या वेळेच्या नोंदी बाजूला ठेवून 'हा दर आहे असं मान' असा अर्थ होतो. व्हिडिओची लांबी बदलते, आवाज तसाच राहतो आणि ओठांची हालचाल व बोलणं यांचा मेळ सुटतो. तोच आउटपुटच्या आधी लिहिला तर 'गाळून किंवा दुबार काढून या दरावर आण', आणि लांबी कायम राहते. अक्षर एक, जागा वेगळी, काम उलटं. एव्हीसिंथ या दुसऱ्या व्हिडिओ सॉफ्टवेअरने निदान तीन नावं दिली: अझ्यूम, चेंज, कन्व्हर्ट. पण त्यातल्या 'चेंज'ने गाळणं-दुबार काढणं होतं आणि 'कन्व्हर्ट'ने मिसळणं, हे इंग्रजी शब्दांवरूनही कळत नाही. मराठीत सरळ क्रियापदं वापरावीत: दर माना, गाळा/दुबारा, मिसळा, मधल्या रचा.

शुद्धाक्षर:
'दुबारा' हे क्रियापद कुठल्या मराठीत आहे? 'दुबार काढा' म्हणा हवं तर. आणि 'मधल्या रचा' काय? गणितात त्याला 'अंतर्वेशन' आहे.

गाळणी:
'अंतर्वेशन' बटणावर बसतं, पण दाबणाऱ्याला कळत नाही. 'मधल्या रचा' कळतं. 'दुबार काढा'ला माझी हरकत नाही.

पंचवीस_एफपीएस:
तीन पर्यायांबद्दल: 'स्थिर' नको, 'स्थिर फ्रेम' म्हणजे थिजलेलं चित्र. 'एकसारखा' आणि 'बदलता' ठेवा. 'अस्थिर' तर मुळीच नको, ते बिघाडासारखं वाचलं जातं. मोबाइल कमी उजेडात प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो म्हणून दर बदलतो, तो बिघाड नव्हे. अशी फाइल संकलनात घेण्याआधी 'एकसारखा'वर आणून घ्या, नाहीतर आवाज हळूहळू सरकतो. 'पीक' देवनागरीत लिहिलं की शेतातलं पीक वाचलं जातं, म्हणून तिथे 'कमाल'.

मेनूभाषा:
'एकसारखा / बदलता / कमाल' रुंदीत बसले. पण 'गाळलेल्या फ्रेम्स' की 'फ्रेमा'? 'वेळ'चं वेळा होतं, मग 'फ्रेम'चं?

ऐकीव:
'फ्रेमा' कानाला खटकतं खरं, पण व्याकरणाला धरून आहे.

शुद्धाक्षर:
'चौकटी' म्हटलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.