काठी लागली तर पेनल्टी, खांदा लागला तर टाळ्या

नेवार्ककर

आधी खुलासा: इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगची. ध्यानचंदांच्या हॉकीवर बोलायला आलेल्यांनी राग मानू नये.

मी न्यू जर्सी डेव्हिल्स या एनएचएल संघाचा जुना पाठीराखा. एका वर्षी लाल-काळी जर्सी गणपतीच्या आराशीतही शिरली होती, बायको अजून ऐकवते. म्हणून पुढचं लिहिताना जरा जड जातंय.

२६ मे २०००, फिलाडेल्फिया. ईस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलचा सातवा सामना. आम्ही १-३ अशा पिछाडीवरून ३-३ केलेलं. फिलाडेल्फिया फ्लायर्सचा एरिक लिंड्रोस पक (रबरी चकती) घेऊन आमच्या भागाची ब्लू लाइन ओलांडतोय, मान खाली, आणि आमचा कप्तान स्कॉट स्टीव्हन्स आडवा येऊन खांदा घालतो. थेट जबड्यावर. लिंड्रोसला धरून बाहेर न्यावं लागलं. पेनल्टी नाही. आम्ही २-१ जिंकलो, पुढे एनएचएलचा स्टॅनली कपही आमचाच, आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी स्टीव्हन्सला. लिंड्रोस त्यानंतर फ्लायर्सकडून एकदाही खेळला नाही.

इतकी वर्षं ही हिट मी लोकांना ‘क्लीन हिट कशी असते बघा’ म्हणून दाखवत आलो. कोपर खाली, उडी नाही, पक त्याच्याकडेच. सगळं खरं. गेल्या आठवड्यात मुलाला दाखवली तर तो म्हणाला, “पण बाबा, लागलं डोक्यालाच ना?”

मी काहीबाही उत्तर दिलं, ते माझं मलाच पटलं नाही. एनएचएलमध्ये काठी वर जाऊन समोरच्याच्या तोंडाला लागली की पेनल्टी: दोन मिनिटं बाहेर बसायचं, तोवर संघात एक गडी कमी. मुद्दाम की चुकून, कुणी विचारत नाही. काठी तुझी, जबाबदारी तुझी. (शॉट मारताना ओघात वर गेली तर तेवढी सूट.) रक्त आलं की दोनाची चार मिनिटं. आणि खांद्याने माणूस आडवा केला की मात्र आपण सगळे वकील होतो: हेतू काय होता, त्याने मान खाली का घातली, ऐन वेळी वळला का.

डोक्याच्या बाबतीत खांद्यालाही काठीचाच कायदा लावा, एवढंच म्हणणं आहे. मुख्य धक्का डोक्याला बसला की पेनल्टी. हेतूबितू निलंबन ठरवताना बघा.

मॅपल-पुणेकर

साफ असहमत. आणि डेव्हिल्सवाल्याने हे लिहावं म्हणजे कमालच.

तुम्ही ज्याला वकिली म्हणता ती एनएचएलच्या नियम ४८ मध्येच (डोक्यावरच्या धक्क्याचा नियम) लिहिलेली आहे, आणि उगाच नाही. धक्का मारणारा सरळ अंगावर गेला होता का? समोरच्याने स्वतःच अशी जागा घेतली का, की डोकं वाचवणं अशक्य होतं? धक्क्याच्या क्षणी त्याने पवित्रा बदलला का? हे तीन प्रश्न काढून टाकले तर उरतं काय? उंची. बचावपटू झडेनो चारा सहा फूट नऊ इंच, वर स्केट्स. त्याच्या खांद्यासमोर बुटक्या फॉरवर्डचं तोंडच येतं. चाराने काय गुडघ्यावर बसून चेक करायचा (अंगाने धक्का द्यायचा)?

दुसरं, लोक हुशार असतात. डोक्याला लागलं की हमखास पेनल्टी, हे कळल्यावर ऐन वेळी डोकं खाली घालून पेनल्टी कमावणारे निघतीलच.

‘मान वर ठेव’ हा या खेळातला पहिला धडा आहे. कबड्डीत रेडरला लागतं म्हणून पकड बंद करता का?

सांगलीचा डावा कोपरा

अवांतर आहे, पण कबड्डीचं नाव निघालं म्हणून. बर्फावरचं मला ओ की ठो कळत नाही. कबड्डी जिल्ह्यापर्यंत खेळलोय. पकड बंद नाही, कैची बंद आहे. रेडरच्या पायांत पायांची कैची घातली की फाउल, मग तुमचा हेतू संतासारखा असो. त्याने पकडी काही कमी झाल्या नाहीत. घोटा आहे, मांडी आहे, साखळी आहे. मॅपलराव, उदाहरण तुमच्यावरच उलटलं बघा.

शिट्टीवाला

ऑन्टारियोत लहान-मोठ्या गटांचे सामने शिट्टी घेऊन घालवतो, त्यामुळे तोंड खुपसतो.

तुम्ही दोघं डोक्यावरच अडकलात. मला झोप न लागू देणाऱ्या हिट्स बोर्डजवळच्या, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीजवळच्या असतात. मोकळ्या बर्फावर माणूस पडतो तरी. बोर्डपासून तीन-चार फुटांवर, पाठ वळलेली असताना ढकललं तर मान थेट लाकडावर. त्याला बोर्डिंग आणि मागून चेक असे वेगळे नियम आहेत. धावत, उडी घेत आला तर चार्जिंग. पक केव्हाच गेलाय आणि तरी मारलं तर इंटरफिअरन्स. ‘लीगल की इल्लीगल’चा निम्मा वाद खरं तर वेळेचा असतो: पक सोडल्यानंतर किती क्षणांनी धक्का लागला. घरी बसून दहा वेळा स्लो मोशनमध्ये पाहिलं की प्रत्येक हिट गुन्हा वाटते. बर्फावर आम्हाला एकदाच दिसते, तीही मध्ये कुणी आडवं आलं नाही तर.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. २००४-०५ चा अख्खा हंगाम लॉकआउटमध्ये गेला. त्यानंतर एनएचएलने बर्फावरच्या दोन रेषा ओलांडणाऱ्या लांब पासवरची बंदी उठवली आणि काठीने अडकवणं, हाताने धरणं यावर कडक पेनल्ट्या सुरू केल्या. खेळ सुंदर झाला, वेगवान झाला. पण आधी बचावपटू काठी अडकवून फॉरवर्डचा वेग मारायचा. आता ते करता येत नाही, म्हणून दोघं पूर्ण वेगात एकमेकांना भेटतात. हिट्स भयंकर झाल्या त्या खेळाडू दुष्ट झाले म्हणून नव्हे, मधला अडथळा गेला म्हणून.

नेवार्ककरांच्या सूचनेबद्दल: आमच्याकडे ते आहेच. हॉकी कॅनडाच्या नियमांत २०११ पासून डोक्याला चुकून धक्का लागला तरी पेनल्टी, मुद्दाम असेल तर मोठी. रेफरी म्हणून सांगतो, सोपं पडतं. मला फक्त कुठे लागलं ते बघायचं असतं, कुणाच्या मनात काय होतं ते नाही.

मॅपल-पुणेकर

मुलांचे नियम पोटापाण्यासाठी खेळणाऱ्यांना लावू नका. आणि वारं तुम्ही सांगताय त्याच दिशेने वाहतंय असंही नाही. बायकांच्या हॉकीत बॉडी चेक वर्षानुवर्षं बंद होता. स्वीडनच्या महिला लीगने २०२२ मध्ये तो सुरू केला. उत्तर अमेरिकेतली महिलांची लीग पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली ती पहिल्यापासून धक्क्याला जास्त मोकळीक देऊन. धक्का हा खेळाचा भाग आहे. तो नीट कसा घ्यायचा ते शिकवा.

ब्रॅम्प्टनची आई

शिकवा म्हणता ना, कुणी काय शिकवलं ते सांगते.

माझा मुलगा तेरा-चौदाच्या गटात गेला आणि चेकिंग सुरू झालं. दुसऱ्या महिन्यात बोर्डजवळ डोक्याला लागलं. त्यानंतर तीन आठवडे खोलीला पडदे, मोबाइल बंद, शाळा अर्धी, आणि कुकरची शिट्टी झाली तरी कळवळायचा. प्रशिक्षकाला भेटायला गेले तर पहिलं वाक्य काय? “मान वर ठेवली असती तर...” ही ‘मान वर ठेव’ आहे ना, ती ‘इतक्या रात्री बाहेर कशाला गेली होतीस’ची सख्खी बहीण आहे. लागलं ज्याला, चूकही त्याचीच.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांबद्दल मात्र हा वाद माझ्यापुरता मिटलाय. अल्बर्टात त्या वयात चेकिंग होतं, क्युबेकमध्ये नव्हतं. अभ्यास केला तर अल्बर्टातल्या मुलांना कन्कशनचा (डोक्याला हादरा बसून मेंदूला होणाऱ्या इजेचा) धोका तिपटीहून जास्त निघाला. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये त्या गटातून चेकिंग काढलं. तेव्हाही ‘मग मुलं शिकणार कधी’ म्हणणारे होतेच.

मोठ्यांचं मोठ्यांनी बघावं. पण माझा मुलगा रविवारी सकाळी मोठ्यांच्याच क्लिपा बघत बसतो, त्याचं काय?

नेवार्ककर

ताई, मुलगा आता बरा आहे ना? ते आधी सांगा.

मॅपलराव, ‘नियम बदलला तर खेळाडू बदलत नाहीत, फक्त लबाडी करतात’ असा तुमचा सूर आहे. मॅट कुक घ्या. ७ मार्च २०१० ला पिट्सबर्गच्या या गड्याने बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डला डोळ्याआडून डोक्यावर मारलं. पेनल्टी नाही, निलंबन नाही, कारण तसा नियमच नव्हता. इतका गदारोळ झाला की त्याच महिन्यात नियम आणावा लागला. सॅव्हार्ड परतला, पण जानेवारी २०११ मध्ये पुन्हा डोक्याला लागलं आणि कारकीर्द संपली. त्याच वर्षी, मार्च २०११ मध्ये कुकने रायन मॅकडोनाला कोपर मारलं. या वेळी उरलेले १० सामने आणि प्लेऑफची पहिली फेरी बाहेर. पुढच्या हंगामात तोच माणूस पूर्ण ८२ सामने खेळला आणि १९ गोल केले, पेनल्टीची मिनिटं १२९ वरून ४४. शिक्षा झाली तेव्हा हात-पाय ताब्यात आले की नाही?

मॅपल-पुणेकर

आणि २०१४ च्या प्लेऑफमध्ये त्याच कुकने टायसन बॅरीच्या गुडघ्यात गुडघा घातला, ७ सामने निलंबन. ते सोयीस्करपणे गाळलंत.

राफी टोरेसही घ्या. २०१२ मध्ये मॅरियन होसाला मारलं म्हणून २५ सामने, अपिलात २१ झाले. सुधारला? २०१५ मध्ये सिल्फरबर्गला मारून ४१ सामने. ज्याला मारायचंय तो मारतोच. तुमच्या कायद्यात अडकणार तो नेमकं छातीवर मारायला गेलेला आणि सहा इंचांनी चुकलेला माणूस.

ताई, तुमच्या प्रशिक्षकाचं वाक्य वाईटच. पण मी मुलाला मान वर ठेवायलाच सांगेन. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ म्हणतो, म्हणजे ट्रकवाल्याला माफ केलं असं होत नाही.

ब्रॅम्प्टनची आई

बरा आहे. परत खेळतोय. मीच रिंकच्या बाहेर गाडीत बसून राहते.

ट्रकवाल्याचं पटलं. फक्त तुमच्या नियमात ट्रकवाल्याला चलन मिळत नाही, तेवढं बघा.

शिट्टीवाला

सहा इंचांनी चुकलेल्याबद्दल: काठीवालाही सहा इंचांनीच चुकलेला असतो की. त्याला देतोच आम्ही दोन मिनिटं.

स्टीव्हन्सचं नाव निघालंय तर, त्याची स्वतःची कारकीर्दही जानेवारी २००४ मध्ये थांबली ती कन्कशननंतरच्या त्रासानेच. तो २००७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, लिंड्रोस २०१६ मध्ये. दोघं एकाच भिंतीवर.

मॅपल-पुणेकर

नेवार्ककर, एकच विचारतो, खरं सांगा. सातवा सामना, ओव्हरटाइम. तुमच्या बचावपटूचा खांदा चुकून समोरच्याच्या हनुवटीला लागला. तुमच्याच नियमाने दोन मिनिटं. त्या पॉवर प्लेवर (तुमचा एक गडी कमी असताना) गोल, हंगाम संपला. मग?

नेवार्ककर

मग रेफरीच्या नावाने रात्रभर शंख करेन. काठीच्या पेनल्टीला करतोच की.