ईएमएमसीवर लिहिण्याचा वेग वर्षभरात पडला, कारण कसं शोधायचं?

समीर:
डेटा लॉगरचा बोर्ड आहे. एआरएम प्रोसेसर, लिनक्स, ८ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅश साठवण चिप), ईएक्सटी४ फाइलसिस्टिम. दर सेकंदाला एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साधारण २०० बाइटची एक नोंद जाते. नव्या बोर्डावर डीडी या कॉपी कमांडने २५६ एमबीची फाइल लिहिली तर सेकंदाला ३५ एमबी मिळतात. वर्षभर साइटवर चाललेल्या बोर्डावर तेच ६-७, आणि मधूनच एखादं कमिट (नोंद पक्की करणं) दोन-तीन सेकंद अडकतं. वाचायचा वेग दोन्हीकडे सारखा. पार्टिशन ९१ टक्के भरलंय. सरळ फॉरमॅट मारू का?

अनघा:
फॉरमॅट आत्ता नको. ईएक्सटी४ बनवताना एमकेएफएस (फॉरमॅटची कमांड) आपणहून सगळे ब्लॉक डिस्कार्ड करतं, म्हणजे ते मोकळे असल्याचं चिपला कळवतं. वेग काही दिवस परत येईल आणि कारण हातातून निसटेल.

डीडीला एफसिंक किंवा डायरेक्ट (डेटा खरोखर चिपपर्यंत पोचवणारे पर्याय) लावलं होतं ना? नाहीतर तो आकडा बराचसा रॅमचा आहे. तुमच्या कामाला खरं तर एफआयओ (वेग मोजण्याचं साधन) हवं: ४ केबी रँडम राइट, प्रत्येक राइटनंतर एफसिंक, ६० सेकंद. सरासरीवर जाऊ नका, ९९ पर्सेंटाइल लेटन्सी (१०० पैकी ९९ राइट जेवढ्या वेळात होतात तो वेळ) बघा. आणि चाचणी फाइलवरच करा, थेट डिव्हाइसचं नाव दिलंत तर डेटा गेला.

वाचन सारखं आहे म्हणजे बसवर (प्रोसेसर आणि चिप यांच्या जोडणीवर) संशय कमी. तरी डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये) एमएमसी होस्टची आयओएस फाइल उघडून क्लॉक, बस रुंदी आणि टायमिंग बघून घ्या. एचएस२०० (ईएमएमसीचा जलद मोड) अपेक्षित असताना ५२ मेगाहर्ट्झ किंवा ४ बिट दिसलं, तर डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) नाहीतर १.८ व्होल्टची लाइन तपासा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) उणे ८४ म्हणजे सीआरसी चुका (डेटा वाटेत बिघडला), उणे ११० म्हणजे टाइमआउट.

केदार:
हिशेब करून बघा. दिवसाला ८६,४०० कमिट. खरा डेटा जेमतेम १७ एमबी, पण प्रत्येक कमिटला जर्नल (सुरक्षिततेसाठीची वेगळी नोंद), डेटाबेसचं पान आणि ईएक्सटी४चं स्वतःचं जर्नल मिळून ४ केबीची पाच पानं धरली, तर रोज १.७ जीबी होतात. म्हणजे पाचेक दिवसांत अख्खी चिप एकदा लिहून होते, आणि आत कंट्रोलर जे हलवाहलव करतो ते वेगळंच. फ्लॅश पानापानाने लिहिता येते, पुसावी लागते मात्र मोठ्या ब्लॉकने. मोकळे ब्लॉक संपले की कंट्रोलर आधी जिवंत पानं दुसरीकडे हलवतो, मग ब्लॉक पुसतो. तुमचे दोन-तीन सेकंद बहुधा तिथेच जातात.

झीज आहे की कोंडी (मोकळ्या ब्लॉकची टंचाई), हे एमएमसी-युटिल्सने एक्सटी-सीएसडी (चिपची स्वतःबद्दलची माहिती) वाचून कळेल (ईएमएमसी ५.० किंवा पुढचं हवं). लाइफटाइम ए आणि बी (झिजेचे अंदाज) यांचा एकेक अंक म्हणजे दहा टक्के. ०एक्स०बी आलं की आयुष्य उलटलं. प्री-ईओएल (राखीव ब्लॉकची स्थिती) १ असेल तर ठीक, २ म्हणजे राखीव ब्लॉकपैकी ८० टक्के खर्च. आकडे लहान असतील तर एफएसट्रिम (मोकळे ब्लॉक चिपला कळवणारी कमांड) चालवा, बोर्ड अर्धा तास निवांत सोडा, पुन्हा मोजा. वेग परतला तर कोंडीच होती.

बीकेऑप्सचा (चिपच्या आतल्या साफसफाईचा) मॅन्युअल बिट मात्र प्रयोग म्हणून लावू नका. तो एकदाच लिहिता येतो, मागे घेता येत नाही.

अनघा:
एफएसट्रिमबद्दल दोन गोष्टी. लगेच दुसऱ्यांदा चालवलंत तर शून्य बाइट दाखवेल, ते बिघाडाचं लक्षण नाही. ईएक्सटी४ आधी ट्रिम केलेले गट लक्षात ठेवतं. डीएम-क्रिप्ट (डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर डिस्कार्ड मुद्दाम चालू करावं लागतं, नाहीतर ते खाली पोचतच नाही.

शिवाय एसक्यूलाइटमधून जुन्या नोंदी डिलीट केल्याने फाइल लहान होत नाही. ती जागा फाइलच्या आतच मोकळी पडते, फाइलसिस्टिमला आणि ट्रिमला ती भरलेलीच दिसते. व्हॅक्यूम (फाइल नव्याने आवळून लिहिणं) करायला डेटाबेसच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते, ९१ टक्क्यांवर ती नसेल. नवी प्रत यूएसबीवर काढून परत आणा.

केदार:
बरोबर, हे माझ्याकडून सुटलं होतं. कायमचा उपाय म्हणून एसक्यूलाइटचा डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिणं), सिंक्रोनस नॉर्मल (दर कमिटला चिपवर पोचण्याची वाट न पाहणं), आणि ६० नोंदींचा एक ट्रान्झॅक्शन करा. वीज गेली तर शेवटच्या मिनिटाच्या, कधी त्याआधीच्याही काही नोंदी जाऊ शकतात. ते चालणार नसेल तर १० चा गट ठेवा. एफएसट्रिम आठवड्यातून एकदा टायमरने, आणि पार्टिशन ७५-८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका.

समीर:
लाइफटाइम बी ०एक्स०३, प्री-ईओएल १. एफएसट्रिम आणि अर्ध्या तासानंतर डीडी २९ वर आलं. डेटाबेसची फाइल ५ जीबीची आहे, त्यातली निम्मी पानं मोकळीच निघाली. आता ती यूएसबीवर काढतोय.